बारकोड की अख्खा मायटोजीनोम? मक्यातल्या अळीपुरतं बोलू

कागलकडच्या वैरणीच्या मक्याचा पोंगा उकलला की ओल्या भुशासारखी विष्ठा दिसते, आणि तिच्याखाली अळी. मोठी असेल तर ओळख सोपी: डोक्यावर उलटा 'वाय', शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही २०१८ साली भारतात आढळलेली अमेरिकन लष्करी अळी. पण अंड्यातून नुकतीच निघालेली अळी आणि सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळी शेजारी ठेवा, भिंगाखालीही छातीठोक सांगता येत नाही. दोघींचं घराणं एकच, स्पोडोप्टेरा.

मग या अळ्यांवरच्या प्रबंधासाठी बारकोड काढायचा, म्हणजे मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या) सीओआय जनुकाचा जात ओळखायला वापरतात तो ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा, की मायटोजीनोम, म्हणजे मायटोकाँड्रियाचा पंधरा हजारांवर अक्षरांचा सगळा डीएनए?

नुसती जात ओळखायची असेल तर बारकोडच. साधा पीसीआर (तुकड्याच्या प्रती वाढवणं), सँगर सिक्वेन्सिंग (त्या तुकड्याची अक्षरं वाचणं), आणि तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त अळ्या तपासून होतात. वाचताना मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं) आला तर मात्र थांबा. ती पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेली या जनुकाची जुनी, निकामी नक्कल असू शकते.

सख्ख्या बहिणींसारख्या जातींचं नातं लावायचं असेल तर बारकोड तोकडा पडतो. सीओआय मुळात सावकाश बदलणारं जनुक. अख्ख्या मायटोजीनोममध्ये ३७ जनुकं मिळतात: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची, २ आरआरएनएची (हे दोन्ही आरएनए प्रथिनं बनवायला मदत करतात). त्यातल्या प्रथिनांच्या एनएडी नावाच्या जनुकांत फरक जास्त साचलेले असतात. जनुकांच्या क्रमावर वेळ घालवू नका, पतंगांत तो बहुतेक तोच असतो. ए आणि टी या अक्षरांनी ठासलेल्या, जनुक नसलेल्या नियंत्रक भागात वाचलेल्या तुकड्यांची जुळणी अडखळते, तिथली लांबी जपूनच लिहा.

आता खरी मेख. लष्करी अळीत मका आणि भात असे दोन वंश आहेत. भारतातल्या अळ्यांत सीओआय बहुतांशी भात-वंश दाखवतो, तर केंद्रकातल्या झेड या लिंग-गुणसूत्रावरचं टीपीआय जनुक मका-वंश. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे पंधरा हजार अक्षरं वाचूनही बापाची बाजू कळत नाही. म्हणून माझा कौल असा: सगळ्या अळ्यांचा बारकोड आणि टीपीआय करा, अख्खा मायटोजीनोम तीन-चारच अळ्यांचा. पेशीत मायटोकाँड्रियाच्या प्रती भरपूर असल्याने त्याला थोडं सिक्वेन्सिंगही पुरतं.

अळ्या फॉर्मॅलिनमध्ये नव्हे, ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए काढताना आतडं टाळा. त्यात मका असतोच, आणि शरीरात कधी परजीवी गांधीलमाशीची अळीही निघते.