किल्लीचा बोल्ट की बोटाचे कुलूप: एका घरातील दोन दारे

घराच्या दाराला नवे कुलूप बसवायचे ठरले की सध्या निवड बहुधा दोहोंत होते: बोटाच्या ठशावर किंवा अंकांवर चालणारे मोटरचे डिजिटल कुलूप, नाहीतर किल्ली फिरवून पोलादी बोल्ट चौकटीत सारणारे जुन्या पद्धतीचे कुलूप. नुसत्या स्प्रिंगच्या लॅचचा विचार मी येथे करत नाही; तिरक्या तोंडाचा तो खटका फटीतून सरकवलेल्या प्लास्टिकच्या कार्डानेही मागे जाऊ शकतो, त्यामुळे दार ओढून घेण्याची सोय एवढाच त्याचा उपयोग मानावा. माझ्याकडे योगायोगाने दोन्ही प्रकार एकाच वेळी नांदले. पुढच्या दाराला डिजिटल आणि मागच्या दाराला किल्लीचे कुलूप होते, आणि दोन्ही दारे एकाच सुताराने, एकाच लाकडातून केलेली होती. ही तुलना मोजमापाची नाही, पण रोजच्या वापरातली आहे.

पहिले वर्षभर डिजिटल कुलपाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. किल्ल्या शोधण्याचा प्रश्न मिटला, घरकामाला येणाऱ्या बाईंना वेगळा अंक देता आला आणि गरज संपल्यावर तो रद्दही करता आला. ‘कुलूप लावले ना?’ या शंकेने अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याची माझी जुनी खोड मोडली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. सेल अचानक संपण्याची भीती पुष्कळांना वाटते, ती मला अनाठायी वाटते. इशारा बराच आधी मिळतो, आणि अनेक कुलपांना बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून तेवढ्यापुरते उघडण्याची सोय असते. ओले किंवा भेगाळलेले बोट त्याला ओळखता येत नाही हे खरे, पण तेव्हा अंक दाबता येतात.

माझे मत फिरले ते दुसऱ्या पावसाळ्यात. दमट हवेत लाकडी दार फुगते आणि चौकटीत पूर्ण बसत नाही. दोन-तीन मिलिमीटर बाहेरच राहते. तेवढ्या फरकाने बोल्ट चौकटीवरील पत्र्याच्या भोकात न शिरता कडेवर आपटतो. मोटर एकदा जोर लावते, घरघरते, बोल्ट मागे घेते, तीनदा शिटी वाजवते आणि लाल दिवा दाखवून गप्प होते. मग आपण दार गुडघ्याने दाबून धरायचे आणि पुन्हा बटण दाबायचे, हा रोजचा कार्यक्रम झाला. सुताराला बोलावून रंधा मारून घेतला, पत्र्याचे भोकही कानशीने थोडे वाढवले. पुढे हवा कोरडी झाल्यावर तेच दार ढिले होऊन वाऱ्याने खडखडू लागले. हेही मी सोसले असते. पण एका रात्री सर्वांत शेवटी घरी आलेल्या मुलाने दार ओढले आणि शिटीकडे लक्ष न देता तो आत निघून गेला. सकाळी पाहतो तर बोल्ट बाहेर आलेलाच नव्हता आणि रात्रभर दार केवळ लॅचवर टेकलेले होते.

त्याच दिवसांत मागचे दारही तितकेच फुगले होते. फरक असा की तेथे किल्ली फिरवताना बोल्ट कुठे अडतो ते बोटांना कळते. डाव्या हाताने मूठ धरून दार किंचित आपल्याकडे ओढायचे आणि उजव्या हाताने किल्लीचा दुसरा फेरा पूर्ण करायचा. बोल्ट आत बसला की ‘खट्’ असा भरीव आवाज येतो आणि किल्ली मोकळी होते. तो बसला नाही, तर किल्ली निघतच नाही. कुलूप लागले की नाही याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मला कोणत्याही दिव्याने दिलेले नाही.

चोराच्या दृष्टीने पाहिले तर दोहोंतील अंतर वाटते तेवढे नाही. 1851 साली लंडनच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा या इंग्रज कुलूपकाराचे अजिंक्य मानलेले कुलूप उघडून दाखवले, तेव्हा त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. घरफोड्याकडे एवढा वेळ नसतो आणि तेवढी कलाही बहुधा नसते. तो पहार घालून दार चौकटीपासून उचकटतो. म्हणूनच घरफोडीला तोंड देणाऱ्या दारांच्या युरोपीय चाचणीत मिनिटेच मोजली जातात: दुसऱ्या वर्गाच्या दाराने साध्या हत्यारांसमोर 3 मिनिटे आणि तिसऱ्या वर्गाच्या दाराने पहारीसमोर 5 मिनिटे टिकावे, अशी अपेक्षा असते. ही मिनिटे बोटाचा ठसा मिळवून देत नाही. ती मिळतात बोल्टच्या लांबीतून, म्हणजे निदान 25 मिलिमीटर बाहेर येणाऱ्या पोलादातून, आणि तो ज्या पत्र्यात शिरतो त्याच्या स्क्रूंमधून. मी पुढच्या चौकटीचा एक स्क्रू सहज काढून पाहिला, तर तो जेमतेम 15 मिलिमीटरचा निघाला. आता तेथे चौकटीतून भिंतीपर्यंत पोहोचणारे 75 मिलिमीटरचे स्क्रू आहेत. कुलूप कोणतेही घ्या, हे काम आधी करावे. आणि दार बाहेर उघडणारे असेल, तर बिजागऱ्यांची कांब बाहेरून ठोकून काढता येत नाही ना, हेही पाहावे.

किल्लीच्या कुलपातही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात घालून फिरवतात तो भाग, दाराच्या पट्टीबाहेर 3 मिलिमीटरपेक्षा अधिक डोकावत असेल, तर तो पकडीत धरून मधल्या नाजूक जागी मोडता येतो. म्हणून नेमक्या मापाचा सिलिंडर घ्यावा. किल्ली हरवली तर तो बदलावाच लागतो. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा प्रकार मात्र मी टाळेन, कारण आग लागल्यावर धुरात किल्ली शोधणे हे चोरीपेक्षा मोठे संकट आहे. आतून मूठ फिरवून उघडणारा प्रकार बरा. शिवाय बहुतेक डिजिटल कुलपांतही अडचणीसाठी एका झाकणाखाली किल्लीचे भोक असतेच, तेव्हा सिलिंडरची ही चिंता तेथेही पूर्ण संपत नाही.

ज्या घरात पाच-सहा माणसे वेगवेगळ्या वेळी ये-जा करतात, किंवा दार लोखंडाचे असल्यामुळे फुगण्याचा प्रश्नच नाही, तेथे डिजिटल कुलूप कदाचित अधिक सोयीचे ठरेल. लाकडी दार आणि दमट हवा असेल तर मी किल्लीकडेच झुकेन, आणि झुकलोही. मन डळमळीत असल्यास निदान आधी किल्लीचे कुलूप बसवून पाहावे. डिजिटल कुलपाच्या पेटीसाठी दारात खोल आणि रुंद खाच पाडावी लागते. माझ्या पुढच्या दारातील ती खाच सुताराने लाकडाचा तुकडा चिकटवून बुजवली आहे आणि दोनदा पॉलिश करूनही त्याचा रंग अजून दाराशी जुळलेला नाही.