कबूस: छतावरचा मनोरा की बाजूची खिडकी?

भाच्याला अमेरिकन मालगाडीच्या शेवटच्या डब्याचं, कबूसचं, आतल्या सामानासकट मॉडेल करायचंय. अडलंय एका प्रश्नावर: छतावर मनोरा असलेला करू, की बाजूला पुढे आलेल्या खिडकीचा?

सामान दोन्हींत साधारण तेच. जमिनीला जखडलेली शेगडी, झोपायचे बाक, कंडक्टरचं टेबल, हवेच्या दाबाचा काटा, आणीबाणीचा ब्रेक. आपल्या गार्डाच्या डब्याचाच भाऊबंद, पण यात माणसं रांधायची, झोपायचीही.

नजर: चाकांच्या तापलेल्या आसाचा धूर वेळीच दिसणं हे खरं काम. मनोऱ्यातून साऱ्या गाडीच्या छतावरून दोन्हीकडे दिसे. पुढे वॅगन उंच झाल्या आणि ती मजा गेली. खिडकीतून एका वेळी एकच बाजू दिसते, पण चाकांपर्यंत.

धक्के: लांब गाडीतली ढील, म्हणजे डब्यांच्या जोडण्यांतला सैलपणा, ताणली गेली की शेवटचा डबा जोरात हिसकतो. मनोऱ्यातून पडणं म्हणजे हाडं मोडणं! खिडकीपाशी बसलेला निदान जमिनीलगत असे.

जागा: मनोऱ्याखाली शिडी आणि कपाटं, त्यामुळे डबा मधोमध दाटतो. खिडकीवाला मोकळा. बोगद्यांतही बुटका डबा सोयीचा. बाल्टिमोर अँड ओहायो या अमेरिकन रेल्वे कंपनीने 1930 नंतर हाच प्रकार उचलून धरला.

1980 च्या दशकात गाडीच्या टोकाला लावायच्या छोट्या यंत्राने दोघांनाही घरी बसवलं.

वाफेच्या इंजिनामागे जोडायचा असेल तर मनोरा जास्त शोभेल. डिझेलच्या जमान्याचा देखावा असेल, किंवा छप्पर उचलून आतलं बारीक काम दाखवायचं असेल, तर खिडकीवाला घे.