जोडी आणू का? दोन हॅम्स्टर एकत्र, दोन वेगळे, एकटा हॅम्स्टर की गिनीपिग

संक्रांतीच्या आठवड्यात नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या घरी सिरीयन जातीच्या दोन हॅम्स्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) आल्या, म्हणून मुलीने नावं ठेवली तिळू आणि गुळू. दुकानदार म्हणाला होता, "दोघी बहिणी आहेत ताई, जोडीनेच न्या. एकटीला करमायचं नाही." तेव्हा त्या जेमतेम पाच आठवड्यांच्या होत्या. एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपायच्या आणि मुलगी शाळेतून आली की पिंजऱ्यासमोरून हलायची नाही. अडीच-तीन आठवडे असे गेले. मग एका रात्री दोनच्या सुमाराला चिरका, लांबलचक आवाज आला. दिवा लावला तर भुशात एकच गोळा गरागरा फिरत होता, त्यात दोन जीव आहेत हे आधी कळलंच नाही. मध्ये हात घालायची हिंमत झाली नाही. स्टीलचं पातेलं पालथं घालून एकीला झाकलं, तेव्हा ती सुटली. गुळूच्या मागच्या पायाशी आणि पोटाखाली चावे होते. कोपऱ्यातला भुसा लाल आणि चिकट झाला होता.

तेव्हापासून सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच: मुलं मागे लागलीत, जोडी आणू का? प्रत्येकाला जे सांगते ते इथे नीट मांडते.

सिरीयन असेल तर

इथे तुलनेला जागाच नाही. टेडी बेअर म्हणून विकतात तो लांब केसांचा किंवा साधा सोनेरी, दोन्ही सिरीयनच. वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम, लांबी १३ ते १८ सेंमी. हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. सीरियातल्या शेतांमध्ये याची बिळं सापडतात, तेव्हा एका बिळात एकच मोठा हॅम्स्टर असतो. १९३० साली अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी यांनी एक मादी आणि तिची ११ पिल्लं पकडली. आज जगभरच्या घरांतले बहुतेक सिरीयन त्याच एका घरातले वंशज. पेटीत ठेवल्यावर त्या आईने जवळ आलेल्या पहिल्याच पिल्लाला मारलं, अशी नोंद आहे. अडचणीच्या जागेत हा प्राणी काय करू शकतो, ते तिथेच दिसलं होतं.

पिल्लं लहान असताना एकत्र राहतात, आणि दुकानात आपल्याला नेमकं तेच गोड दृश्य दिसतं. सहा ते आठ आठवड्यांची झाली की वयात येतात आणि हद्द आखायला लागतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना काळपट डागासारख्या वासाच्या ग्रंथी असतात. त्या घासत फिरायचं, म्हणजे ही जागा माझी. दोघांची हद्द एकच असली, की मारामारी ठरलेली. मादी नरापेक्षा मोठी असते आणि बहुतेक वेळा तीच वरचढ ठरते, म्हणून "नर-मादी गुण्यागोविंदाने राहतील" हाही समज चुकीचा. शिवाय गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा. भांडणात जीव वाचला, तरी दोन-अडीच आठवड्यांत आठ-दहा पिल्लं हातात येतात. दुकानात नर-मादी ओळखण्यात चुकाही फार होतात. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर नरात जास्त, मादीत अगदी कमी, एवढं तरी स्वतः उलटून बघा.

काही जण पिंजऱ्याच्या मधोमध जाळी लावायचा सल्ला देतात. मी चार दिवस तेही करून पाहिलं. तिळू रात्रभर जाळीला दात लावून बसायची आणि पलीकडे गुळू खायला बाहेर यायची नाही. जाळीतून पाय चावला जाऊ शकतो, आणि शत्रूचा वास चोवीस तास नाकात बसतो तो वेगळाच.

ड्वार्फ असतील तर

इथे मात्र थोडा विचार करावा लागतो. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्हस्की हे बुटके हॅम्स्टर. रोबो तर २०-२५ ग्रॅमचाच, आपल्या अंगठ्याएवढा. यांच्यात सहवास थोडाफार आहे. कॅम्पबेलचा बाप पिल्लांच्या जन्मापासून मदतीला असतो. एकाच वेतातली, एकाच लिंगाची भावंडं लहानपणापासून एकत्र असली, तर कधीकधी शेवटपर्यंत एकत्र राहतात. पण त्या "कधीकधी"वर विसंबू नका. वर्षभर एकत्र झोपलेली जोडीही एका आठवड्यात फिस्कटते.

तरी जोडीच हवी असेल, तर सगळं दोन-दोन हवं: दोन चाकं, दोन बाटल्या, दोन वाट्या आणि दोन घरं, प्रत्येक घराला दोन दारं. एकच दार असलं, की आत अडकलेल्याला पळायला वाट उरत नाही. माळ्यामाळ्यांचा पिंजरा नको, वरचा मजला एकजण बळकावून बसतो. दोन वेगळ्या जाती एकत्र नकोत, आणि मोठे झालेले दोन अनोळखी तर मुळीच नकोत. मुख्य म्हणजे दुसरा पिंजरा पहिल्याच दिवसापासून तयार हवा. मग माझा प्रश्न असतो: दुसरा पिंजरा घ्यायचाच आहे, तर भांडणाची वाट कशाला बघायची?

भांडण म्हणजे नेहमी रक्तच असं नाही. किंचित ढकलाढकल, तोंडं हुंगणं, आवाज न करता एकमेकांना उताणं पाडणं हे चालतं. पण एक जण सतत दुसऱ्याच्या मागे धावतोय, चिरकतोय, दुसऱ्याच्या पाठीवरचे किंवा बुडावरचे केस गेलेत, एक जण चाकाजवळ फिरकत नाही, एकाचं वजन घटतंय, यातलं काहीही दिसलं की वेगळं करा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथे फार उपयोगी पडतो. गुळूचं वजन मारामारीच्या आधीच्या आठवड्यात ९ ग्रॅमने उतरलं होतं. मी वहीत लिहिलं होतं, पण अर्थ लावला नाही. एकदा वेगळे केलेले पुन्हा एकत्र घालू नका.

एक की दोन वेगळे

एका हॅम्स्टरला मोकळी जागा हवी, साधारण एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. दुकानातले रंगीत तारांचे पिंजरे बहुतेक दीड-दोन फुटांचे असतात, ते अपुरेच. चाक एवढं, की पळताना पाठ वाकू नये. सिरीयनला २५ ते ३० सेंमी व्यासाचं. भुसा वीतभर खोल, आणि देवदार-चीडसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा नको. आता हे सगळं दोनदा करायचं, असं समजून आपल्या टू-बीएचकेत जागा मोजा. नाशिकच्या हवेचाही हिशेब धरा. हॅम्स्टरला १८ ते २४ अंश मानवतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, म्हणजे घरातले थंड कोपरेही दोन हवेत. जानेवारीत निफाडकडे पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा गारठ्यात बाल्कनीत ठेवलेला हॅम्स्टर निपचित, थंड पडतो आणि मेला असं वाटतं. तो पिंजरा घराच्या आतच हवा.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा पाळणाऱ्याने एकच आणावा. "करमत नाही" हा आपला माणसांचा शब्द. आपल्याला एकटं बसवत नाही, म्हणून त्यालाही बसवत नसेल असं वाटतं. तिळू वेगळ्या डब्यात गेल्यावर पहिल्याच रात्री गालाच्या दोन्ही पिशव्या सूर्यफुलाच्या बियांनी फुगवून, कोपऱ्यात घर करून पसरून झोपली. त्याआधी ती अशी पोट उघडं टाकून झोपलेली मी पाहिली नव्हती. दोन मुलं आहेत आणि प्रत्येकाला आपला हवा, तर दोन पूर्ण पिंजरे. शक्य तर वेगळ्या खोल्यांत, आणि एकाला हाताळून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवायचे.

दोघं एकमेकांना बिलगलेलेच बघायचे असतील तर

मग हॅम्स्टर नाही, गिनीपिग. तो कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला तर खरोखर खंगतो. दोन माद्या सर्वांत सोप्या. नर-मादी असतील तर नराची नसबंदी हवी. दिवसा जागा असतो, शिट्टी घालून भाजी मागतो, त्यामुळे शाळकरी मुलांना तोच जास्त भेटतो. हॅम्स्टर रात्री दहानंतर उठतो, तेव्हा मुलं झोपलेली असतात. मात्र हॅम्स्टर दोन-तीन वर्षांचा सोबती, गिनीपिग पाच ते आठ वर्षांचा. जोडीला निदान १२० बाय ६० सेंमी जागा, रोज गवत, आणि क जीवनसत्त्व बाहेरूनच द्यावं लागतं, कारण आपल्यासारखंच त्याचं शरीर ते बनवत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरू हे आपल्या बाजारात बारमाही मिळतं. लसूणघास मोठ्या गिनीपिगला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं.

कुठलाही आणा, आधी छोटे प्राणी बघणारा डॉक्टर शोधून ठेवा. मला त्या रात्रीनंतर तीन दवाखान्यांतून "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" हे ऐकावं लागलं. चावलेल्या जागी आत पू धरतो, वरून खपली दिसत असली तरी. आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन पोटात गेलं, की हॅम्स्टर आणि गिनीपिग दोघांच्याही आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर दगावतं.

हे वाचताना तुमच्या घरात एका पिंजऱ्यात दोन सिरीयन असतील, तर उद्याची वाट बघू नका. झाकणाला बारीक भोकं पाडलेला धान्याचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, निम्मा भुसा, पाण्याची बाटली आणि मूठभर दाणे. आजची रात्र एवढ्यात निघते.