‘झाडांसाठी’ म्हणून सॉफ्टनर विकणाऱ्यांपासून सावध राहा

आमच्या नळाला जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी येतं. कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर, मातीवर खपली, कॅलेथियाच्या पानांची टोकं करपलेली. घरी आलेल्या विक्रेत्याने नेमकं हेच हेरलं. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवला, आकडा आला ५१०. “एवढे क्षार पाजल्यावर झाडं जगतील कशी?” मग सोबतच्या छोट्या सॉफ्टनरमधून, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या मशीनमधून, तेच पाणी काढलं, बाटलीत साबणाचे थेंब टाकून हलवलं. भरभरून फेस आला. मी स्पष्ट विचारलं, “हे झाडांना चालेल ना?” तो म्हणाला, “डोळे मिटून घाला.” मीठ कशाला लागतं, यावर उत्तर मिळालं की ते फक्त मशीन धुवायला, पाण्यात उतरत नाही.

सॉफ्टनरच्या पाण्यात मीटर त्याने बुडवलाच नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

मी मशीन घेतलं आणि झाडांना त्याचंच पाणी घालू लागले. काही महिन्यांत नेचे वाळले. कॅलेथियाची पानं कडेकडून आत करपत गेली. पाणी कमी पडतंय समजून मी तेच पाणी आणखी घालत राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. शेवटी स्वतः मीटर आणला. नळाचं पाणी ५१०, सॉफ्टनरचं ५२०.

सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि त्यांच्या जागी मिठातलं सोडियम पाण्यात सोडतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम जडपणा गेला की साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. कपड्यांना, गीझरला हे पाणी उत्तमच. पण कुंडीत सोडियम साचत जातं आणि माती ओली असूनही मुळांना पाणी ओढणं अवघड होतं. कॅल्शियम निदान झाडाच्या कामी तरी येतं. म्हणजे सुधारणा म्हणून मी आधीपेक्षा वाईट पाणी घालत होते.

तक्रार केली तर उत्तर आलं, “फेस येतोय ना? मग मशीन चांगलं आहे.” पावतीवर झाडांचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. असा दावा कुणी केला तर तो लिहून मागा आणि दोन्ही पाण्यांत मीटर आपल्यासमोर बुडवायला लावा. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते ते नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता सॉफ्टनरच्या आधी एक वेगळा नळ काढून घेतलाय. मनी प्लांट, स्नेक प्लांट यांना तेच जड पाणी, आणि अधूनमधून पावसाच्या पाण्याने कुंडी खालून निथळेपर्यंत धुते. कॅलेथिया आणि नेच्यांना साठवलेलं पावसाचं, ते संपलं की आरओचं पाणी. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र कुंडीत नको, त्यात क्षार जास्तच असतात. वाचलेल्या एका कॅलेथियाला परवा नवं पान आलं, टोकापर्यंत हिरवं.