लिनक्स कर्नलमधली मोजणी: ॲटॉमिक, परसीपीयू काउंटर का साधं धिस-सीपीयू?

ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडमध्ये) मोजणी ठेवायची आहे आणि या तिन्हीत अडकलाय, तर माझा अनुभव सांगतो. आमचं काम उद्यमनगरात, फौंड्रीतल्या मशीनवरचे पल्स मोजणारा चार कोरचा आर्म बोर्ड, इंटरप्ट (पल्स आला की कोरचं हातातलं काम थांबवणारे इशारे) चारी कोरवर वाटलेले आणि एकूण आकडा मात्र एकच.

आधी ॲटॉमिक लावलं, म्हणजे सगळ्या कोरचा एकच आकडा, एक कोर वाढवत असताना दुसरा मधे घुसू शकत नाही. आकडा कायम बरोबर, पण चारी कोर एकाच कॅश लाइनवर (कोरजवळच्या वेगवान मेमरीतला छोटा तुकडा) लिहायला लागले की ती लाइन नुसती इकडनं तिकडं पळते, पल्स वाढले तसा बोर्ड जड झाल्याचं मला तरी जाणवलं. सेकंदाला दहा-वीसदाच वाढणारा आकडा असेल तर मात्र ॲटॉमिक बास.

मग परसीपीयू काउंटर. यात प्रत्येक कोर आपल्या खिशात मोजतो आणि बॅच भरली की मुख्य आकड्यात ओततो, आणि ही बॅच कमीत कमी ३२ ची. मी बेंचवर सेन्सरपुढनं लोखंडी पट्टी वीसदा फिरवली, आकडा शून्य. वायर बदलली, सेन्सर बदलला, पुलअप रेझिस्टर तपासला, रात्रीचे अकरा वाजले तरी शून्यच! पल्स सगळे खिशात पडून होते, काउंटरचं रीड फंक्शन फक्त मुख्य आकडा वाचतं. सम फंक्शन वापरलं की बरोबर येतं पण ते लॉक घेऊन सगळ्यांचे खिसे चाचपतं. पहिले काही नग दिसणारच नाहीत असं गिऱ्हाइकाला सांगायला जीभ रेटेना. हां, जिथं दरवेळी मर्यादा तपासायची असते, ext४ या फाइल सिस्टिममधल्या मोकळ्या जागेसारखी, तिथं हेच लई कामाचं, अंदाज पुरतो आणि मर्यादा जवळ आली तरच नेमकी बेरीज करायची.

शेवटी साधं परसीपीयू व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक कोरचा आपला वेगळा आकडा, वाढवायला धिस-सीपीयू-इन्क आणि दाखवताना बेरीज आपली आपण. बेरीज पॉसिबल (असू शकणाऱ्या सगळ्या) कोरवर फिरवा, ऑनलाइन (आत्ता चालू) कोरवर नको, नाहीतर बंद केलेल्या कोरची मोजणी गायब. एक्स८६ वर (नेहमीच्या लॅपटॉपमधला इंटेल, एएमडी प्रोसेसर) वाढवणं म्हणजे लॉकशिवाय एकच इन्स्ट्रक्शन, आर्म६४ वर प्रीएम्प्शन (कर्नलनं मधेच दुसरं काम चालू करणं) थांबवून ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन लागते, म्हणजे फुकट नाही, पण लाइन आपल्याच कोरकडं राहते. धिस-सीपीयू-इन्कचा नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोअर असलेला प्रकार इंटरप्टमध्येही वाढणाऱ्या आकड्याला वापरू नका, लॅपटॉपवर बरोबर चालतो आणि आर्मवर वाचणं-वाढवणं-लिहिणं यांच्या मधेच इंटरप्ट आला की त्यानं वाढवलेला आकडा पुसला जातो.

तुमचं काम वेगळं असू शकेल. माझ्या बोर्डवर आता पट्टी एकदा फिरवली की आकडा एक येतो.