व्होडाफोन आयडिया: सेवा बरी, ताळेबंद अवघड

मुंबईत ऑरेंज, मग हच आणि २००७ नंतर व्होडाफोन अशी नावे बदलत आलेली ही सेवा घ्यावी का, यापेक्षा ती टिकेल का, हा प्रश्न आज ग्राहकाला अधिक पडतो. आठवडाभर उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देणाऱ्या योजना मला उपयुक्त वाटतात. ५जी मात्र मुंबईत मार्च २०२५ मध्ये आले. जिओ आणि एअरटेल ऑक्टोबर २०२२ मध्येच या स्पर्धेत उतरले होते.

खरी अडचण जुन्या देण्यांची आहे. समायोजित सकल महसुलात (ज्या उत्पन्नावर कंपनीने सरकारला द्यायचे शुल्क ठरते) दूरसंचाराबाहेरचे उत्पन्नही धरावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला आणि थकबाकीवर व्याज व दंडही चढला. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडियाच्या विलीनीकरणावेळी ४० कोटींच्या घरात असलेले ग्राहक २०२५ च्या सुरुवातीला २० कोटींच्या आसपास आले. म्हणजे देणे मोठे आणि ते फेडणारी मिळकत आटलेली, असा हा पेच आहे. २०२४ मध्ये समभाग विकून उभारलेले १८,००० कोटी रुपये जाळ्याच्या विस्ताराला उपयोगी पडले, तरी तेवढ्याने हिशेब जुळत नाही.

सरकारने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये थकबाकीचे समभागांत रूपांतर करून सुमारे ४९ टक्के हिस्सा घेतला. सर्वात मोठा भागधारकच सरकार असल्याने (आणि बाजारात दोनच खासगी कंपन्या उरणे त्यालाही परवडणारे नसल्याने) सेवा अचानक बंद पडेल असे मला वाटत नाही. तरीही वर्षभराचे रिचार्ज एकदम करण्यापेक्षा महिन्याचेच करावे. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय आहेच.