दिवाळीत पाठवलेले गुच्छ पोचलेच नाहीत

आमची शेतकरी उत्पादक कंपनी समुद्रपूर तालुक्यातली, वर्धा जिल्हा. हळद आणि तूरडाळ विकतो. खरेदीदार नागपूर-अकोल्याचे, काही पुण्या-मुंबईकडचे. दिवाळीला त्यांना फुलांचे गुच्छ पाठवायचं काम एका माणसाला दिलं आणि त्यानं आमचे पैसे खाल्ले. हीच युक्ती उद्या जिनिंगवाल्यांवर, डाळमिलवाल्यांवर, कृषी केंद्रवाल्यांवर चालू शकते, म्हणून सगळं लिहितो.

फुलंच का, तर त्याला कारण होतं. मोठ्या कंपन्यांत खरेदी अधिकाऱ्याला महागडी भेट घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. चांदीचं नाणं, ड्रायफ्रूटचा डबा तो परत करतो, किंवा घेतला तर लपवतो, आणि दोन्हींत आपलं नाव खराब होतं. फुलं मात्र टेबलावर सगळ्यांदेखत ठेवता येतात. व्यवहारातला माणूस वर्षातून एकदा आपली आठवण काढतो, एवढंच त्यातून कळावं. हा विचार मला आजही बरोबर वाटतो.

तो माणूस नागपूरहून नमुना घेऊन ऑफिसात आला. डच गुलाब, लिली, मधे हिरवा पाला, रिबिनीवर आमच्या कंपनीचं नाव. फुलं खरोखर ताजी होती. गुलाब बुडाशी दाबून पाहिला तर टणक लागला, आणि ताज्या गुलाबाची खूण तीच. शिळा असेल तर बोटाखाली मऊ लागतो. बोलणंही माहितगाराचं: माल तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसचा, दिवाळीत भाव चढतात, आज पूर्ण रक्कम भरली तर आजच्या भावानं बुकिंग. आम्ही 24 पत्ते दिले आणि 38 हजार रुपये त्यानं सांगितलेल्या खात्यात भरले. बिल मिळालं. पाडव्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एकेका गुच्छाचा फोटो आला, प्रत्येकात त्या-त्या साहेबांच्या नावाचं कार्ड, खाली ‘डिलिव्हर्ड’.

फेब्रुवारीत हळद निघाली तेव्हा अकोल्याचे एक जुने व्यापारी माल पाहायला आले. चहा घेता घेता मी विचारलं, “काकाजी, दिवाळीची फुलं आवडली ना?” ते म्हणाले, “फुलं? कुठली फुलं बाप्पा? आमच्याकडं तं कोणीच आलं नाही.”

मग सगळ्यांना फोन लावले. बहुतेकांकडे काहीच पोचलं नव्हतं. नागपुरात चार-पाच ठिकाणी गुच्छ गेला होता, पण जरबेराचा, तोही माना टाकलेला. त्यातल्या एका मॅडमनी फार संकोचून सांगितलं की रिबिनीवर तुमचं नाव होतं म्हणून आम्ही तो आत ठेवून दिला. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं. आमच्या नावानं सुकलेली फुलं गेली, आणि त्या बाईंनी आमची लाज राखली.

रात्री मोबाइलवर फोटो एकापाठोपाठ पाहिले. सगळ्यांत लिलीच्या एकाच पाकळीवर तोच तपकिरी डाग. गुच्छ एकच, बहुधा नमुन्याचाच. फक्त कार्ड बदललेलं.

या फसवणुकीची गोम नीट समजून घ्या. पैसे देणारा फुलं पाहत नाही, आणि ज्याला फुलं जायची त्याला ती येणार हेच ठाऊक नसतं. भेट आली नाही म्हणून आपल्याकडे कोणी फोन करून मागत नाही, तो हावरटपणा समजला जातो. खराब आली तरी माणूस “मिळाली, आभारी आहे” असंच म्हणतो. आपल्या लोकांच्या या भिडेवरच ठग पैसे कमावतो. शिवाय फूल आठवड्यात सुकून जातं, म्हणजे पुरावाही उरत नाही.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही खोटा निघाला. हा क्रमांक 15 अंकाक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. आमच्या बिलावर सुरुवातच वेगळी होती. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर दुसऱ्याच राज्यातलं हार्डवेअरचं दुकान निघालं. तपासायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली, 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंद केली. पण 1930 चा खरा उपयोग पैसे गेल्या-गेल्या होतो. खात्यात रक्कम असेल तर ती रोखता येते. आमच्या बाबतीत मधे महिने गेले होते. पैसे अजून परत आलेले नाहीत.

आता आम्ही फुलं पाठवतो ती ज्याला द्यायची त्याच्याच गावातल्या फुलवाल्याकडून. अर्धे पैसे आधी, अर्धे पोच आल्यावर. पोच म्हणजे फोटो नव्हे. त्या ऑफिसच्या आवक विभागाचा शिक्का आणि सही. उन्हाळ्यात कापलेली फुलं पाठवतच नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात ती दारापर्यंत टिकत नाहीत. कुंडीतलं रोप देतो.

मागच्या दिवाळीत तुम्ही कुणामार्फत गुच्छ पाठवले असतील, तर संकोच न करता त्या प्रत्येकाला फोन करा आणि मिळाला का, कसा होता, हे सरळ विचारा. आलेले फोटो शेजारी-शेजारी लावून पाहा. घोळ दिसला तर बिल आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा आणि त्याच दिवशी तक्रार करा.